पालथी मांडणी

पहिले चार महिने मला रंग दिलाच नाही.
बसायला गोणपाट, गुडघ्याशी दगडी ऐरण,
आणि दोन्ही बाजूंनी चोच असलेली हातोडी.
"टिंब मार," सी तुहामी म्हणायचे.
"एवढंच?"
"एवढंच. पण हातोडी पडेल तिथे नाही,
तुला हवं तिथे."

फेझच्या त्या बोळात दिवस टकटक करतच उजाडायचा.
भट्टीत ऑलिव्हचा चोथा जळायचा,
त्याचा तेलकट धूर आमच्या पावालाही लागायचा.
बिनझिलईच्या फरशा फोडून फोडून
माझ्या अंगठ्याची रेषा पुसली गेली.

मग रेघ.
मी बोरू घेऊन बसलो, तर बोरू काढून घेतला.
"रेघ ओढायची नसते, हम्मादीच्या पोरा.
दोन तुकडे नीट शेजारी बसले
की ती आपोआप उरते."

मग आकार. बदाम, मोहर, कंगवा, दिवटी.
प्रत्येकाला चार-सहा कडा,
त्यातली एकही त्याच्या एकट्याची नाही.
"आणि गोल?" मी विचारलं.
ते हसले. पुढचा एक दात तेव्हा नुकताच गेला होता.
"गोल आपण कापत नाही.
सरळ कडांनी असा फेर धरायचा
की बघणाऱ्याने घरी जाताना
स्वतःच गोल काढावा."

आणि मग पाचव्या महिन्यात रंग:
काळा, मधाळ, पांढरा, निळा,
आणि हिरवा, ज्याच्यासाठी लोक आमच्याकडे यायचे.
पण मांडायचा तो पालथा.
झिलई जमिनीकडे, मातीची पाठ आपल्याकडे.
वरून बघाल तर दोन हजार तुकडे,
सगळे भाजलेल्या पावाच्या बुडासारखे.
खाली काय चाललंय ते फक्त डोक्यात.
सी तुहामी हात पुढे करायचे, मी तुकडा द्यायचो,
काळा, हिरवा, काळा, मधाळ,
नमाजाइतक्या सवयीने.

एका थंडीत दुपारी
त्यांनी हिरवा बदाम मागितला.
माझं लक्ष बाहेरच्या गाढवाच्या भांडणात;
मी निळा दिला.
त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला,
कडेवरून नख फिरवलं.
तुकड्याची पाठ बघावी
तसंच त्यांनी त्याचं तोंड बघितलं.
आणि बसवला.

ते अस्र पढायला गेले तेव्हा मी तो उचकटून बदलला.
दुसऱ्या दिवशी वाडगे लावले:
हिरवा उजवीकडे, निळा माझ्या मागे, लांब.
कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
किती दिवसांपासून, तेही मोजलं नाही.
पालथं काम करणाऱ्याचे डोळे गेले
तर ते कळणार तरी कुणाला?
फक्त त्या आठवड्यापासून
ते मला बापाच्या नावाने हाक मारेनासे झाले.
"अय्याद," म्हणायचे. "पुढचा दे."

लाला बतूलच्या अंगणातलं कारंजं.
चुना वाळला, चौघांनी पाट उचलून भिंतीला लावला,
आणि दोन हजार तुकडे पहिल्यांदा उजेडाला तोंड करून उभे राहिले.
बायका वरच्या सज्जात गप्प झाल्या.
सी तुहामी जरा तिरपेच उभे होते,
दाराच्या चौकटीकडे बघत.
"हिरवा कसा आलाय?"
"पुदिन्याच्या ओल्या जुडीसारखा."
"मी रंग विचारला, चव नाही."

मग ते पुढे गेले.
दुपारचं ऊन थेट भिंतीवर.
तळवा टेकला, हळूहळू सरकवला.
"हा काळा. तापलाय.
हा पांढरा. हा मधाळ.
इथे..." बोट थांबलं,
"इथे मी हिरवा मागितला होता."

तिथे हिरवाच होता.
मीच बदलला होता, माझ्या हातांनी.
ते थट्टा करत होते, की आभार मानत होते,
की उन्हातून खरंच दुसरं काही लागलं त्यांना,
विचारायचं राहून गेलं; पुढच्या रमजानला ते नव्हतेच.

अजून कधी त्या बाजूला गेलो
तर लाला बतूलची सून दार उघडते.
मी डोळे मिटून तळवा टेकतो.
मला भिंत लागते.